गेट रजिस्टर बाजूला ठेवा, प्रकल्पांचे गठ्ठे उघडा
पुणे शहर आणि परिसरातील महाविद्यालयांचे प्राचार्य, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक आणि ग्रंथपाल सहकारी यांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य, समन्वयक आणि ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या पाहणीची, तयारी सुरू झाली की प्रत्येक कॉलेजात ग्रंथालयाकडे आकड्यांची मागणी येते. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, वर्षभरात खरेदीवर खर्च किती, रोज किती विद्यार्थी आणि शिक्षक येऊन गेले. दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स सहीशिक्क्यासह लागते. गेट रजिस्टरची पानं लागतात, एन-लिस्टच्या, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या सेवेच्या, लॉगिनची यादी लागते. मी पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि हे सगळे कागद मीही मनापासून, नीट तयार करून देते. सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायलाच हवा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती जाडजूड फाइल पूर्ण झाल्यावरही एका प्रश्नाला तीत जागा सापडत नाही: या ग्रंथालयामुळे आपली मुलं काय शिकली?

नॅकच्या नमुन्यात ४.२ हा भाग ग्रंथालयाचा. 'शिकण्याचं साधन म्हणून ग्रंथालय' असं त्याचं शीर्षक. खाली संगणकीकरण, ई-साधनांची वर्गणी, वार्षिक खर्च आणि रोजच्या वापराची टक्केवारी. शिकणं शीर्षकात आहे, रकान्यांत मात्र ते कुठेच विचारलेलं नाही. २०२४ मध्ये नॅकने मूल्यांकनाची पद्धत बदलून बायनरी मानांकनाकडे, म्हणजे श्रेणी न देता फक्त 'मानांकित आहे की नाही' एवढंच सांगण्याकडे, जायचं जाहीर केलं, तेव्हापासून नव्या नमुन्यात काय येणार याची चर्चा प्रत्येक स्टाफरूममध्ये चालू आहे. माझं म्हणणं असं, की नमुना कोणताही येवो, मुलांच्या शिकण्याचा पुरावा आपण स्वतःहून गोळा करायला लागूया. तो मिळवायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. तो आपल्याच विभागांच्या कपाटांत, दोऱ्याने बांधलेल्या प्रकल्पांच्या गठ्ठ्यांत पडून आहे.

आधी गेट रजिस्टरबद्दल. दवाखान्यात दिवसभरात किती केसपेपर निघाले यावरून किती माणसं बरी झाली हे कळत नाही, तसंच हे आहे. त्यातही पुण्यात हा आकडा विशेष फसवा. आपली कितीतरी मुलं एमपीएससीची तयारी करतात. सकाळी रजिस्टरवर सही करून अभ्यासिकेत बसतात, अप्पा बळवंत चौकातून आणलेली स्वतःची पुस्तकं आणि नोट्स वाचतात, संध्याकाळी उठतात. आपल्या कपाटातल्या एकाही पुस्तकाला त्यांचा हात लागत नाही, तरी आपल्या टक्केवारीत ती असतात. उलट वसतिगृहात बसून मोबाइलवर एन-लिस्टमधला लेख वाचणारी मुलगी, किंवा मैत्रिणीच्या कार्डावर पुस्तक नेणारा मुलगा त्या टक्केवारीत येतच नाही.

ही नुसती माझी शंका नाही. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने २०११ मध्ये आठ विद्यापीठांनी मिळून एक अभ्यास केला. ३३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची ग्रंथालयातली नोंद आणि त्यांना मिळालेली पदवीची श्रेणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. घरी नेलेली पुस्तकं आणि ई-साधनांचा वापर यांचा श्रेणीशी संबंध दिसला. ग्रंथालयाच्या इमारतीत किती वेळा पाऊल ठेवलं याचा मात्र तसा संबंध आढळला नाही. म्हणजे आपण जो आकडा सर्वांत जास्त कष्टाने जमवतो, नेमका तोच शिकण्याबद्दल सर्वांत कमी बोलतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला असाच अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथालय वापरणाऱ्यांचे गुण सरासरीने जास्त होते आणि पुढच्या सत्रात शिक्षण चालू ठेवण्याचं प्रमाणही जास्त होतं. असे निष्कर्ष वाचले की आपल्याला आनंद होतो आणि ते लगेच स्लाइडवर टाकावेसे वाटतात. पण इथे सांभाळून पाऊल टाकायला हवं. मुळात मेहनती असलेली मुलंच ग्रंथालयात जास्त येत असतील, तर त्यांच्या गुणांचं श्रेय आपण कसं घेणार? त्या अभ्यासकांनीही हा संबंध आहे, कारण नव्हे, हे स्पष्ट केलं आहे. आपल्याकडेही देवघेवीचे आकडे आणि निकाल शेजारी ठेवून 'ग्रंथालयामुळे निकाल सुधारला' असं कोणी लिहून देऊ नये. एखाद्या गणिताच्या किंवा संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने एक प्रश्न विचारला की तो दावा कोसळतो, आणि मग खऱ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून मला मुलांच्या लेखनाकडे वळावंसं वाटतं. तिथे ग्रंथालयाचा हात लागला की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

आमच्याकडे इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने पानशेतच्या पुरावर प्रकल्प घेतला होता. मुलगी वेल्हे भागातली, विषय तिच्या घराजवळचा. कच्च्या मसुद्याच्या शेवटी संदर्भ म्हणून चार ओळी होत्या: गूगल, विकिपीडिया, यूट्यूब आणि एक गाइड. मजकुरात १२ जुलै १९६१ ही तारीख, धरण फुटलं, शहरात पाणी शिरलं, इतके लोक गेले, असं सलग लिहिलेलं. कुठलं वाक्य कुठून आलं याचा पत्ता नाही. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला माझ्याकडे पाठवलं. आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि तिला मी एवढंच विचारलं, की मृतांचा हा आकडा तुला कोणी सांगितला? ती म्हणाली, सगळीकडे तोच आहे. मग 'सगळीकडे' म्हणजे कुठे कुठे, हे शोधायला आम्ही सुरुवात केली. दोन ठिकाणी पाहिल्यावरच आकडा बदलला.

त्यानंतर ती शिफारसपत्र घेऊन शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेली आणि जुलै १९६१ च्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली चाळून आली. धरणफुटीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला होता आणि त्याचा अहवाल आहे, हे तिला तिथेच कळलं. पुण्याच्या जुन्या गॅझेटिअरमधून तिने मुठेचं आणि खडकवासल्याचं वर्णन काढलं. आणि एक गोष्ट तिने मसुद्यात घेतलीच नव्हती: तिच्या आजीने पूर पाहिला होता. आजीचं बोलणं 'संदर्भ' म्हणून चालतं हे तिच्या गावीच नव्हतं. नाव, गाव, वय, मुलाखतीची तारीख लिहून ती नोंद कशी करायची हे आम्ही ठरवलं.

अंतिम प्रकल्पात संदर्भसूची दीड पानांची झाली, पण मला महत्त्वाचा वाटला तो मधला एक परिच्छेद. मृतांचे वेगवेगळे आकडे तिने एकत्र मांडले होते आणि ते का जुळत नसावेत याचा स्वतःचा विचार लिहिला होता: पहिल्या दिवसांतले अंदाज, सरकारी नोंद झालेली नावं, आणि नंतरच्या लेखांत मूळ न सांगता पुन्हा पुन्हा आलेली संख्या. वीस वर्षांची मुलगी दोन स्रोत समोरासमोर ठेवून त्यांना प्रश्न विचारते, यापेक्षा शिकणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं? गेट रजिस्टरमध्ये याची नोंद काय, तर तिच्या सह्या. देवघेवीत तर जवळजवळ काहीच नाही, कारण संदर्भग्रंथ घरी देत नाहीत. पण पहिला मसुदा आणि शेवटचा प्रकल्प शेजारी ठेवले तर ग्रंथालयाने काय केलं हे कोणालाही पाच मिनिटांत दिसेल.

एका मुलीची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण हीच पाहणी शिस्तीने केली तर पुरावा उभा राहतो. ती कशी करता येईल ते सांगते.

एखाद्या विषयाच्या दोन तुकड्या घ्या. एका तुकडीला प्रकल्पाचा विषय ठरण्याच्या आठवड्यात ग्रंथपालाने दोन तासांचं सत्र द्यायचं, मुलांच्या खऱ्या विषयांवर, संगणक समोर ठेवून. दुसऱ्या तुकडीला तेच सत्र नंतर, कच्चा मसुदा जमा झाल्यावर द्यायचं, म्हणजे कोणीही वंचित राहत नाही. दोन्ही तुकड्यांचे कच्चे मसुदे घ्यायचे आणि नावं, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) झाकून टाकायचे. मग एक प्राध्यापक आणि एक ग्रंथपाल यांनी, एकमेकांचे गुण न पाहता, ते वाचायचे. पाहायचं एवढंच: स्रोत किती तऱ्हेचे आहेत, सूचीत दिलेले स्रोत मजकुरात खरोखर वापरलेत का, नोंद अशी आहे का, की दुसऱ्या माणसाला तो स्रोत सापडेल, आणि दोन स्रोतांचं पटत नसेल तर लिहिणाऱ्याने त्याची दखल घेतली आहे का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सुरुवातीला थोडे मसुदे दोघांनी एकत्र बसून तपासायचे, म्हणजे 'दोन' कशाला आणि 'तीन' कशाला यावर एकमत होतं. या चर्चेतच प्राध्यापक आणि ग्रंथपाल एकमेकांचं काम पहिल्यांदा समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

जुलैमध्ये नव्या मुलांना रांगेत आणून आपण जी ग्रंथालयाची ओळख करून देतो, तिचा उपयोग फारसा होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा मुलांकडे प्रश्नच नसतो. हा ओपॅक (संगणकावरची ग्रंथसूची), हे कपाट, हा परतीचा नियम, एवढं ऐकून ती पुढे जातात. प्रश्न पडतो प्रकल्पाच्या वेळी, आणि नेमकं तेव्हा ग्रंथपालाला कोणी बोलावत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात रिसर्च मेथडॉलॉजीचे चार क्रेडिट आले आहेत, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे, पदवीला फील्ड प्रोजेक्ट आहे. प्रत्येक ठिकाणी मुलांनी स्रोत शोधायचे, पारखायचे आणि नोंदवायचे आहेत. हे ज्या व्यक्तीचं रोजचं काम, तिलाच त्या तासाला जागा नसावी, हे मला फार खटकतं.

अमेरिकेतल्या शैक्षणिक ग्रंथालयांच्या संघटनेने, म्हणजे एसीआरएलने, २०१० मध्ये मेगन ओकलीफ यांच्याकडून ग्रंथालयांच्या मूल्यावर एक मोठा अहवाल करून घेतला. ग्रंथालयाने आपली मोजदाद संस्थेच्या शैक्षणिक उद्दिष्टांशी जोडावी, हा त्याचा रोख होता. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या उपक्रमात दोनशेहून अधिक संस्थांनी आपापल्या कॅम्पसवर छोटे छोटे अभ्यास केले. त्याची एक अट मला फार शहाणपणाची वाटते: गटाचं नेतृत्व ग्रंथपालाने करायचं, पण बरोबर ग्रंथालयाबाहेरच्या निदान दोन व्यक्ती हव्यातच. आपल्याकडे तो गट सहज जमू शकतो. ग्रंथपाल, प्रकल्पाचे मार्गदर्शक आणि आयक्यूएसीमधलं एक माणूस. बाहेरचं माणूस असलं की ग्रंथालयाने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असं कोणी म्हणू शकत नाही.

आता एका ताज्या गोष्टीबद्दल. चॅटजीपीटीसारखी साधनं आल्यापासून प्रकल्पांत अशी पुस्तकं आणि असे लेख दिसू लागले आहेत, जे कधी छापलेच गेले नाहीत. लेखक खरा, प्रकाशक खरा, नाव भारदस्त, वर्षही दिलेलं, पण पुस्तक अस्तित्वातच नाही. मार्गदर्शकाला शंका येते, पण वीस-पंचवीस प्रकल्प हाती असताना प्रत्येक नोंद तपासायला वेळ कुठून आणायचा? आम्हाला ते काम येतं. वर्ल्डकॅट ही जगभरातल्या ग्रंथालयांची सूची, शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा संग्रह, नियतकालिकाचा खंड आणि अंक, डीओआय हा लेखाचा कायमचा क्रमांक, एवढ्यावरून बहुतेक नोंदींचा निकाल लागतो. शंभर नोंदींमागे किती सापडल्या नाहीत, हा आकडा सत्राच्या आधी आणि नंतर मोजून पाहा. तो स्वच्छ आहे, पडताळता येण्यासारखा आहे, आणि मुलांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाशी थेट जोडलेला आहे. मात्र तो मुलांना शिक्षा करण्यासाठी वापरायचा नाही. खोटी नोंद कशी ओळखायची हे ज्याला एकदा दाखवलं, तो पुढे वर्तमानपत्र वाचतानाही सावध होतो.

अभ्यासिकेबद्दल वर जे लिहिलं त्याचा कोणी उलटा अर्थ काढू नये म्हणून हेही सांगते. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं-पाचजण राहणाऱ्या मुलाला टेबल, पंखा, उजेड आणि शांतता मिळणं ही छोटी गोष्ट नाही. ते ग्रंथालयाचं मोलाचं काम आहे. फक्त त्याला त्याच्याच नावाने ओळखूया. ती सोय कोणाला मिळते, परीक्षेच्या दिवसांत किती वेळ उघडी असते, मुलींना संध्याकाळी तिथे सुरक्षित वाटतं का, गावाकडून आलेल्या मुलांना तिच्याशिवाय दुसरी जागा आहे का, हे त्यांना विचारून लिहूया. बुक बँकेचंही तसंच. ज्यांना वर्षभरासाठी क्रमिक पुस्तकांचा संच मिळाला, त्यांच्यातली किती मुलं पुढच्या वर्षात गेली, हे पाहण्यासारखं आहे. आपल्या विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेतली मुलं तर आपल्याच काउंटरवर काम करतात. पुस्तक लावताना, शोधून देताना ती काय शिकली, हे त्यांना कधी कोणी विचारलं आहे का?

एका बाबतीत मी आग्रही आहे. कोण काय वाचतं ही गोष्ट विद्यार्थ्याची स्वतःची आहे. वापर आणि निकाल जोडून पाहायचे असतील तर नावं आणि पीआरएन काढून, गटाच्या पातळीवर, मुलांना आधी सांगून आणि त्यांची संमती घेऊनच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हे पाळायलाच हवं होतं. 'न वाचणाऱ्यांची यादी' फलकावर लावायची कल्पना काही बैठकांत कानावर येते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. आपल्याकडे लक्ष ठेवलं जातंय असं वाटलं, की अडचणीच्या विषयावरचं पुस्तक मागायला मूल काउंटरपर्यंत येणारच नाही.

प्राचार्य महोदय, आपल्याकडे मागण्या अशा. प्रकल्प समितीत ग्रंथपालाला सदस्य करा. रिसर्च मेथडॉलॉजीच्या वेळापत्रकात त्याचे तास अधिकृतपणे लावा, उपकार म्हणून मिळालेली ऑफ पिरियडची वेळ नको. परीक्षण झालेले प्रकल्प रद्दीत जाण्याआधी त्यांतले काही नमुने ग्रंथालयाकडे द्या. आणि पदांचा पाठपुरावा करा. अनेक अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या जागा भरल्या गेलेल्या नाहीत. देवघेव, दाखल नोंदणी, ना-देय दाखले आणि नॅकची फाइल हे सगळं एकाच माणसाने करायचं, तर तो मुलाशेजारी बसून 'हा आकडा कुठून आणलास?' हे कधी विचारणार?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून शासकीय संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद आहे. आपल्यासारख्या महाविद्यालयांना एन-लिस्ट आहे. शिवाय या शहरात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, गोखले अर्थशास्त्र संस्थेचं १९०५ पासून वाढत आलेलं ग्रंथालय आहे, १९१७ पासूनची भांडारकर संस्था आहे. साधनांची टंचाई पुण्यात तरी नाही. त्यांच्यापर्यंत मुलाला नेणारं माणूस आणि तास यांची टंचाई आहे.

ग्रंथपाल सहकाऱ्यांनो, तुम्हालाही विनंती. पाहणीतून काही फरक दिसला नाही, तरी ते लिहा आणि सांगा. आमच्या एका सत्रानंतर मुलांची नोंद करण्याची पद्धत सुधारली, पण स्रोतांची विविधता जराही वाढली नव्हती. ते दिसल्यामुळेच आम्ही पुढच्या वेळी नोंदीच्या नियमांवरचा वेळ कमी केला आणि शोधण्यावर वाढवला. असे निष्कर्ष फक्त वार्षिक अहवालातल्या गुळगुळीत वाक्यांत विरून गेले, तर प्रत्येक कॉलेजला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या सत्राचे प्रकल्प जमा झाले की पाच-सहा कॉलेजांनी आपापले नावं झाकलेले वीस-वीस मसुदे घेऊन एकत्र बसावं, असं मी सुचवते. प्रत्येक कॉलेजातून एक ग्रंथपाल आणि एक प्राध्यापक. दुसऱ्या कॉलेजचे मसुदे वाचायचे, आपले नाही. निकष वर दिले आहेत, त्यांत बदल सुचवले तर आनंदच आहे. आमचा वाचनकक्ष रविवारी मोकळा असतो आणि त्यासाठी मी आमच्या प्राचार्यांची परवानगी घेतली आहे. आपल्या ग्रंथपालांना त्या दिवसाची कर्तव्यरजा आणि मसुदे बाहेर नेण्याचं एक पत्र आपण द्यावं, एवढी विनंती.

आपली नम्र,
पुण्यातील एका महाविद्यालयाची ग्रंथपाल